गॅस संपत नसतो
(मंडळाच्या वर्धापनदिनी नवीन जालना येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाचा विषय कोणता असावा, याचा आपल्या मंडळात एक परिपाठ पडून गेला आहे. आहारशास्त्र, बालसंगोपन, सणावारांचे महत्त्व, फार तर अल्पबचत. चिटणीसबाईंनी माझा विषय वहीत लिहून घेताना मध्येच लेखणी थांबवली. "मोटारीचा एसी? आणि तो तुम्ही सांगणार?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, होय, मीच सांगणार. आपल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या दारात आज गाडी उभी असते. ती धुतो आपण, तिच्यात मुलांना शाळेत सोडतो आपण, आणि ती बिघडली म्हणजे मात्र "हे आल्यावर बघतील" असे म्हणून चावी खुंटीला लावतो. हे मला पटत नाही.

एसी ही चैन आहे, असे म्हणणाऱ्या काही भगिनी येथे असतील. माझ्या सासूबाईंचेही तेच मत होते. जालना म्हणजे सोने का पालना असे आपले वडीलधारे म्हणत आले, पण वैशाखात हा पाळणा किती तापतो हे तुम्हांला मी सांगायला नको. पारा चाळिसाच्या वर गेला की बंद गाडीत बसणे म्हणजे भट्टीत बसणे. २०२४ च्या उन्हाळ्यात सासूबाईंची छातीची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे किरणोपचार सुरू झाले. आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे छत्रपती संभाजीनगरला जायचे. येथून सुमारे साठ किलोमीटर, परत तेवढेच. ह्यांची कचेरी असल्यामुळे गाडी मी चालवीत असे. किरणोपचाराने त्या जागेची कातडी भाजल्यासारखी हळवी होते. तेथे घाम येऊ देऊ नका, घट्ट कपडा घालू नका, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. अशा वेळी एसी ही चैन राहत नाही. औषधाच्या बाटलीइतकीच ती गरजेची वस्तू होते.

आणि नेमका त्याच सुमारास, दुसऱ्या आठवड्यात, आमच्या गाडीचा एसी कोमट वारा फेकू लागला.

गाडी तीन वर्षांची व्हायची होती. कंपनीची वॉरंटी चालू होती. मी ती अधिकृत विक्रेत्याच्या सेवा-केंद्रात नेली. तेथल्या तरुणाने प्रथम विचारले, "साहेब आले नाहीत का, मॅडम?" मी म्हटले, "साहेब कचेरीत आहेत. गाडी माझ्या नावावर आहे." त्याने पाच मिनिटे पाहिले न पाहिले आणि सांगितले, "गॅस संपलाय. भरून देतो. गॅस वॉरंटीत बसत नाही." दोन हजार एकशे पन्नास रुपये झाले. गाडी संध्याकाळी सात वाजता हाती दिली. संध्याकाळी सातला कोणतीही गाडी थंडच लागते, हे येथेच सांगून ठेवते.

अकरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गॅस, या वेळी अठराशे रुपये. वर हे स्पष्टीकरण, की "मॅडम, यंदा ऊनच एवढं आहे, सगळ्यांच्याच गाड्यांचं असं होतंय." तिसऱ्या वेळी निराळेच प्रकरण निघाले. आतील कूलिंग कॉइल गेली असावी, डॅशबोर्ड सगळा उतरवावा लागेल, आणि पुढच्या जाळीला दगड लागलेला दिसतो म्हणून वॉरंटी मिळेलच असे नाही. अंदाजे खर्च अठरा हजार. "असावी" या शब्दावर अठरा हजार! किराणा दुकानदार जर म्हणाला, "डाळ बहुधा किलोभर असावी," तर आपण पैसे देऊ का?

आता मूळ गोष्टीकडे येते, कारण ती समजली म्हणजे पुढचे सगळे आपोआप समजते. मला ती जुन्या जालन्यातील एका वयस्क मिस्त्र्यांनी समजावून दिली. फ्रिज आणि गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचा म्हणाले, "ताई, गॅस म्हणजे पेट्रोल नाही. तो जळत नाही, मग संपेल कसा?"

माठातले पाणी गार का होते? ते बाहेर पाझरते, उडून जाते, आणि जाताना माठाची ऊब घेऊन जाते. इंजेक्शनपूर्वी दंडाला लावलेले स्पिरिट गार लागते ते यामुळेच. एसीमध्ये हाच कारभार चालतो, फक्त तो बंद नळ्यांमध्ये. त्या नळ्यांत एक विशिष्ट वायू असतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा. लहान गाडीत तो सगळा मिळून अर्ध्या किलोच्या आसपासच असतो, आणि नेमका आकडा बहुधा बॉनेटखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेला असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हा वायू दाबतो. दाबला की तो तापतो; सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते तसा. मग हा तापलेला वायू गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत येतो, आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देतो आणि पातळ होतो. तेथून एका बारीक छिद्रातून त्याला सोडतात. कुकरच्या आत दाब असतो तोवर पाणी शंभर अंशांवरही मुकाट्याने राहते, आणि दाब सुटला की फसफसून उकळते, हे आपण रोज पाहतो. तसाच दाब येथे एकदम सुटतो, तो द्रव डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळू लागतो आणि उकळायला लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. पंखा ती गार झालेली हवा आपल्या अंगावर टाकतो. वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे. रहाटाचे पोहरे जसे भरतात, रिकामे होतात आणि पुन्हा खाली जातात, तसे हे चक्र आहे. पोहरे कधी संपतात का?

रबरी नळ्या नि जोडांतून वर्षानुवर्षांत थोडा वायू झिरपतो, हे खरे. जुन्या गाडीत काही वर्षांनी तो भरावा लागतो, तेही खरे. परंतु अकरा दिवसांत कमी पडला, तर कोठे तरी भोक आहे, याशिवाय दुसरा अर्थ नाही. आणि भोक शोधल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय हा वायू हवेत गेला की तापमान वाढवण्याच्या कामी कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक जड पडतो. पूर्वी आर-१२ वापरीत. त्याने आकाशातील ओझोनच्या थराला इजा होते म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो हळूहळू सोडला. आता आर-१३४ए ची जागा आर-१२३४वायएफ घेऊ लागला आहे. म्हणजे नुकसान आपल्या पर्सचेच असते असे नाही.

जाता जाता सांगते, हे यंत्र पहिल्याप्रथम माणसाच्या सुखासाठी झालेच नव्हते. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत नि रंग जागा सोडीत, म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने ते योजले. मोटारीत ते १९४० च्या सुमारास पॅकार्ड कंपनीने बसवले.

चाचांना मी गाडी उघडू दिली नाही. वॉरंटी चालू असताना बाहेरच्याने पाना लावला की पुढे तेच निमित्त होते, हे त्यांनीच सांगितले. त्यांनी फक्त विजेरीने पाहिले. कंडेन्सरच्या एका बाजूला, जेथे जाळी कडेच्या नळीला जोडलेली असते त्या सांध्यावर, तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर झाला होता. कॉम्प्रेसरचे वंगण वायूबरोबर फिरत असते. वायू जेथून निसटतो तेथे तेलाची खूण ठेवून जातो. दगडाचा ओरखडा होता खरा, पण तो जाळीच्या मध्यावर, सांध्यापासून वीतभर दूर, आणि कोरडा. मी दोन्ही जागांची छायाचित्रे काढून ठेवली.

मधल्या दिवसांत सासूबाईंना नेण्याची व्यवस्था काय केली, हे या व्यासपीठावरून सांगणे मला आवश्यक वाटते. समोर बसलेल्या तिघी जणींनी आपापल्या गाड्या पाळीपाळीने दिल्या. एकीने तर स्वतः चालवून नेले, आणि बदनापूर येईपर्यंत सासूबाईंना उकडांबा कसा मुरवायचा ते विचारून घेतले, म्हणजे त्यांचे लक्ष दुखण्यावर राहणार नाही. नावे घेतलेली त्यांना आवडणार नाहीत.

तिसऱ्या फेरीत मी सेवा-केंद्रात गेले ती वही घेऊन. वहीत रोजची नोंद होती. दूध तापवताना वापरायचा थर्मामीटर मी एसीच्या झरोक्यात धरीत असे आणि आकडा लिहीत असे. पहिल्यांदा गॅस भरल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी नऊ अंश; पाच दिवसांनी चौदा; दहाव्या दिवशी तेवीस. "थंड होत नाही" या तक्रारीला "आम्हांला तर थंड वाटतंय" हे उत्तर देता येते. नऊ, चौदा, तेवीस या आकड्यांना तसे उत्तर देता येत नाही.

मी तीन गोष्टी मागितल्या. एक, माझी तक्रार जॉबकार्डावर माझ्या शब्दांत लिहा. तेथे "एसी चेक" एवढेच लिहिण्याची पद्धत आहे. त्या दोन शब्दांतून पुढे काहीही सिद्ध होत नाही. मी लिहवून घेतले, की "दोनदा गॅस भरूनही दहा-अकरा दिवसांत थंडावा जातो, गळती शोधून तिची जागा दाखवावी." दुसरी, नळ्यांत नायट्रोजन भरून दाब टिकतो की नाही ते माझ्यासमोर पाहा, आणि चमकणारा रंग घालून जांभळ्या दिव्याखाली तपासा. ही काही मी शोधलेली युक्ती नव्हे. गळती शोधण्याची ही रुळलेली रीत आहे आणि चांगल्या वर्कशॉपात तिची साधने असतात. तिसरी, डॅशबोर्ड उतरवण्याआधी त्याचे कारण लेखी द्या. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही गॅलरीत बसा, चहा घ्या." मी म्हटले, "चहा मी घरून घेऊन निघाले आहे. मी येथेच उभी राहते."

अर्ध्या तासात दिव्याखाली कंडेन्सरचा तोच सांधा हिरवा चमकला. कूलिंग कॉइल शाबूत होती! अठरा हजारांचे काम जागच्या जागी नाहीसे झाले. राहिला प्रश्न दगडाचा. मी छायाचित्र पुढे केले. सांधा मुळातच सुटला असेल तर तो भागातील दोष, आणि त्यावर वॉरंटी आहे. दगडानेच जाळी फुटली असती, तर तो अपघात धरून विम्याकडे मागणी करता येते; तेही पाहायचे असते. दोन्हींपैकी एकही दार न उघडता ग्राहकाने खिशात हात घालावा, हे मात्र बरोबर नाही. आणि गॅस वॉरंटीत बसत नाही, या वाक्याचेही असेच. नुसता गॅस बसत नसेल. परंतु वॉरंटीतील भाग गळका निघाल्यामुळे जो गॅस गेला, तो पुन्हा भरणे हा त्या दुरुस्तीचाच भाग नाही काय?

यावर व्यवस्थापक "वर विचारतो" म्हणाले. मी त्याच दिवशी, ९ मे रोजी, तिन्ही जॉबकार्डे, दोन्ही बिले आणि छायाचित्रे जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-पत्र धाडले, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेथे मराठीतून बोलता येते. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा. शनिवारी कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला. सोमवारी, १३ मे रोजी, आपल्याकडे लोकसभेचे मतदान होते. मंगळवारी नवीन कंडेन्सर वॉरंटीत बसवून गाडी हाती दिली, आणि या वेळी मी ती भर दुपारी दीड वाजता घेतली. करमाडपर्यंत गेले, फाटकाशी थांबले, दहा मिनिटे जागेवर चालू ठेवली, थर्मामीटर पाहिला, मग सही केली. उपचाराचे तेव्हा सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या गॅसचे अठराशे रुपये जूनमध्ये बँकेत जमा झाले. पहिले दोन हजार एकशे पन्नास मिळाले नाहीत. ती सर्वसाधारण सेवा होती, असे कळवण्यात आले. मला ते मान्य नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "सोड गं आता, आंब्याच्या पेटीचे गेले समज." त्यांच्या शब्दाखातर मी सोडले. पण कायद्याने पुढे जाता आले असते, आणि तो कायदा आपल्याला माहीत असावा.

१९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांत पुण्याला बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत आणि पुढे मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. नव्या कायद्याची आपल्या दृष्टीने मोठी सोय ही, की आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते. विक्रेता किंवा कंपनी कोठेही असो. वकील लावलाच पाहिजे असे नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पाच ते दहा लाखांत दोनशे रुपये. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

तरीही आयोगात गेले की नवी गाडीच मिळते, ही समजूत चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या खटल्यात म्हटले, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलून देण्याचे बंधन असेल, तर तेवढ्यासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. आणि दोष कोणाचा, हेही नीट पाहावे लागते. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ साली नवी म्हणून विकलेली गाडी २००९ ची बनावट निघाली. ते प्रकरण दहा वर्षे चालले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याच्या कृत्यासाठी निर्मात्याला जबाबदार धरले नाही, कारण निर्मात्याला ते ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. म्हणून पत्र लिहिताना दोघांनाही लिहावे. नंतर "आम्हांला कळवलेच नाही" असे कोणाला म्हणता येऊ नये.

आता थोडे घरगुती. गाडी धावताना थंड आणि सिग्नलला गरम होत असेल, तर गॅसपेक्षा आधी कंडेन्सरच्या पंख्याचा संशय घ्यावा, किंवा जाळी चोंदली आहे का ते पाहावे. आपल्या गावात लोखंडाच्या गिरण्यांची धूळ आणि मोंढ्याकडचा कापसाचा तंतू, दोन्ही त्या जाळीत जाऊन बसतात. ती साध्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिच्या पात्या दुमडतात. वारा थंड पण मंद येत असेल तर आतला फिल्टर काढून झटकावा. पुष्कळ गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो आणि तांदळाचा डबा उघडता येणाऱ्या कोणालाही तो काढता येतो. गाडीखाली पाणी ठिबकले तर घाबरू नये, ते हवेतल्या दमटपणाचे पाणी आहे. मात्र तेच पाणी आत पायपुसण्यावर आले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. उन्हातून आल्यावर प्रथम काचा उघडून मिनिटभर गरम हवा जाऊ द्यावी, मग एसी लावून हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबावे. थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे जोडांना तेल मिळते. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: मूल झोपले आहे, एसी चालू आहे, दोन मिनिटांत भाजी घेऊन येते, असे कोणीही कधीही करू नये. एसी केव्हाही बंद पडतो, आणि बंद जागेत उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर विषारी धूर आत शिरतो.

नुसते ऐकून हे लक्षात राहणार नाही, म्हणून चाचांना मी विनंती केली आहे. येत्या गुरुवारी साडेपाचला, ऊन उतरल्यावर, ते मंडळाच्या अंगणात येतील. बॉनेट उघडून कंडेन्सर कोठला, कॉम्प्रेसर कोठला, ते दाखवतील. माझी गाडी मी आणते. ज्यांना आपल्या गाडीचे तापमान मोजून पाहायचे असेल, त्यांनी दुधाचा थर्मामीटर बरोबर आणावा; माझ्याकडे एकच आहे. सासूबाईही येणार आहेत. त्यांची तब्येत आता चांगली आहे, आणि उकडांब्याची बरणी त्याच दिवशी उघडायची ठरली आहे.